त्रिकोण नसलेली ट्यूब

हे लिहितोय ते तोंडावर पिंपल असलेल्यांसाठी. ज्यांच्या तोंडावर नाहीत त्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण सल्ले देणारे सगळे त्यांच्यातूनच येतात.

मी दारव्ह्याला एका कृषी केंद्रात काउंटरवर असतो. शेतकरी खिशातून कपाशीचं पान काढून पुढ्यात ठेवतो, मी ते उलटं करून उजेडात धरतो आणि सांगतो की हा मावा आहे, हे तुडतुडे आहेत, याला काहीच झालेलं नाही, घरी जा. पानाच्या मागच्या बाजूला काय चाललंय ते बघायची खोड मला लहानपणापासून. फक्त एक पान मी कधी नीट उलटून पाहिलं नाही. ते रोज सकाळी आरशात दिसायचं.

अकरावीत पहिला पिंपल आला. सगळे म्हणाले, वयाचे आहेत, जातील. वय गेलं, पिंपल राहिले. सत्ताविसाव्या वर्षी माझ्या तोंडावर गावातल्या प्रत्येकाचा एकेक सिद्धांत चिकटलेला होता. आईच्या मते रक्त खराब. शेजारच्या काकूंच्या मते पोट साफ नाही. आमच्या दुकानाच्या मालकांच्या मते लग्न झालं की दुसऱ्या दिवशी सगळं साफ. हे शेवटचं मत करून बघणं माझ्या हातात नव्हतं, बाकीची बघितली.

कृषी डिप्लोमा झालेला माणूस, प्रयोग शिस्तीत केला. डाव्या गालावर मुलतानी माती, उजव्या गालावर कडुनिंबाचा वाटलेला पाला, आणि कपाळ तुलनेसाठी तसंच कोरं सोडलं. काही आठवड्यांनी निकाल लागला. कपाळ पहिलं आलं.

यातून काय शिकायचं ते उघड होतं. मी ते न शिकता हनुवटीला टूथपेस्ट लावली.

लवकर पाहिजे का चांगलं

गजू माझा शाळेतला दोस्त. तो मेडिकलच्या काउंटरवर, मी कृषी केंद्राच्या. दिवाळीनंतर माझं राळेगावला मुलगी बघायला जायचं ठरलं, तेव्हा मी त्याच्याकडे गेलो.

"गजू, रविवारी पोरगी पाहाले जाऊन राह्यलो. काहीतरी दे."

"तोंडाले?"

"नाई, बैलाले. तोंडालेच ना बे!"

"लवकर पाह्यजे का चांगलं पाह्यजे?"

हा प्रश्न मी स्वतः हंगामात रोज विचारतो. भाऊ, अळी लवकर मरायला पाहिजे का पीक टिकायला पाहिजे? आजपर्यंत एकाही शेतकऱ्याने "पीक टिकायला" म्हटलेलं नाही. मीही म्हटलं नाही.

गजूने एक छोटी ट्यूब पुढे सरकवली. आता इथे माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. फवारणीच्या प्रत्येक डब्यावर एक रंगीत त्रिकोण छापलेला असतो. लाल म्हणजे भयंकर विषारी, मग पिवळा, मग निळा, हिरवा सगळ्यात सौम्य. शेतकऱ्याला मी आधी त्रिकोण दाखवतो, मग डबा देतो. ही माझी सवय, आणि त्याबद्दल मला अभिमान आहे. तर ट्यूबचं खोकं मी चारही बाजूंनी फिरवून पाहिलं. वरून पाहिलं, बुडातून पाहिलं. कुठेही त्रिकोण नव्हता. हिरवासुद्धा नाही!

म्हणजे पाण्याइतकं निर्धोक, असं मी ठरवलं आणि खिशात टाकलं.

रविवारपर्यंत माझं तोंड नव्या भिंतीसारखं गुळगुळीत झालं. आईने दोनदा हात लावून पाहिला. "पाह्यलं? लग्नाचं नुसतं नाव काढलं तं गेले," ती म्हणाली.

राळेगाव

शीतल राळेगावला टायपिंगच्या क्लासात शिकवते. चहापोहे झाल्यावर आम्हाला मागच्या अंगणात बोलायला पाठवलं. मी नोकरीबद्दल सांगितलं, तिने क्लासबद्दल सांगितलं, मग दोघांचंही संपलं. ती माझ्या गालाकडे बघत होती.

"काय लावता तोंडाले?" तिने विचारलं.

"काही नाही. पाणी."

हे मी इतक्या सहज म्हणालो की माझाच विश्वास बसला.

होकार आला. साखरपुडा झाला, लग्न मे महिन्यात ठरलं. साखरपुड्याच्या दिवशी तिच्या हनुवटीवर दोन बारीक पुटकुळ्या होत्या, आणि फोटो काढताना ती सारखा तिथे हात नेत होती. मला फार दया आली. शिवाय, काउंटरवर उभं राहणाऱ्या माणसाला एक रोग असतो. समोर त्रास दिसला की औषध सुचवल्याशिवाय हात स्वस्थ बसत नाही. मी तिला बाजूला घेतलं, पाण्याबद्दलचं खरं सांगितलं, आणि पुढच्या भेटीत मिठाईच्या पिशवीत दोन ट्यूबा घालून दिल्या. बाकीचे होणारे नवरदेव चॉकलेट देतात. मी औषध दिलं, मात्रेसकट. "सकाळ-संध्याकाळ, पातळ थर," असं वर सांगितलंही.

लाल्या

संक्रांत झाली आणि माझं पीक उलटलं.

एक दिवस ट्यूब लावायची राहिली की दुसऱ्या दिवशी तोंडाची आग व्हायची. परत लावली की थंड. मग गाल कायमचे लाल राहू लागले. उन्हात निघालं की कोणी तिखट चोळल्यासारखं. गालावर बारीक लव दिसायला लागली, आणि लवेच्या मधून पिंपल, पूर्वीपेक्षा जोमदार.

यावर मी जे केलं ते आमच्या भागातल्या कुठल्याही घाईतल्या शेतकऱ्याने केलं असतं. आधी मात्रा वाढवली. मग गजू म्हणाला, "किडीले एकाच औषधाची सवय पडते बे, बदलून पाहू," म्हणून दुसरी ट्यूब आणली. मग दोन्ही तळहातावर मिसळून लावल्या. पंपात चार औषधं एकत्र ओतणाऱ्यांना मी वर्षानुवर्षं झापत आलोय, पण तो पंप त्यांचा असतो, हे तोंड माझं होतं.

दुकानात एक म्हातारा शेतकरी बियाण्याची चौकशी करायला आला होता. तो बियाणं सोडून मलाच बघत राहिला.

"भाऊ, तुमच्यावर लाल्या आला का?"

लाल्या म्हणजे कपाशीची पानं लाल पडतात तो रोग. सगळं दुकान हसलं. मीही हसलो, कारण निदान अचूक होतं. हसता हसता गाल चरचरले.

शीतलचा व्हिडिओ कॉल याच सुमारास बंद झाला. "नेट नाई येत," ती म्हणायची. मी म्हणायचो, "इकडे बी नाई." आणि फोन ठेवून सुटकेचा श्वास टाकायचो. तिचं नेट का जावं, याचा विचार मी केला नाही. एरवी शेजारच्याच्या बैलाने शेपूट का हलवली याचाही विचार करणारा माणूस मी.

निदान

शेवटी काळीपिवळी जीपमध्ये बसून यवतमाळला त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. तिथली प्रतीक्षेची खोली ही बघण्यासारखी जागा आहे. दुसऱ्या दवाखान्यात लोक भिंतीकडे बघतात, इथे सगळे एकमेकांकडे चोरून बघतात. मी प्रत्येकाचं निदान मनात करून टाकलं. माझंही कोणीतरी करत असणार.

मॅडम मध्यम वयाच्या, चष्मेवाल्या. त्यांनी भिंग घेऊन माझा गाल पाहिला, बराच वेळ पाहिला, आणि मग पेन उचलून विचारलं, "काय काय लावलं?"

मी सुरुवातीपासून सांगायला लागलो. माती, पाला, टूथपेस्ट. त्या लिहीत होत्या. मग मी दोन्ही ट्यूबा टेबलावर ठेवल्या आणि लिहिणं थांबलं.

"हे कधीपासून?"

"दिवाळीनंतर."

"रोज?"

"दोनदा. मधात मधात तीनदा. पण मॅडम, यावर त्रिकोण नाहीये."

"कसला त्रिकोण?"

मी समजावून सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, माझ्याकडे पाहिलं, आणि हसू आवरेना म्हणून खिडकीकडे तोंड केलं. मग खोकं माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "ही उभी लाल रेघ दिसते?"

दिसत होती. चांगली ठळक.

"ही कशासाठी आहे असं वाटलं?"

"डिझाइन."

लाल रेघ म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. दोन्ही ट्यूबांत स्टेरॉइड होतं, फक्त नावं वेगळी. त्याने पिंपल बरे होत नाहीत, दबतात. खाली कातडी पातळ होते, तिला औषधाची सवय लागते, आणि मग औषध काढलं की सगळं दुपटीने वर येतं. हे ऐकताना माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "म्हणजे पांढरी माशी!" मी ओरडलोच. कपाशीवर जहाल औषध सारखं मारत राहिलं की शत्रू मरतो तसे मित्रकीटकही मरतात, आणि मग पांढरी माशी अशी उसळते की शेत काळं पडतं. हे मी काउंटरवर शंभर वेळा सांगितलं आहे. मॅडमनी ते मला पुन्हा सांगायला लावलं. मित्रकीटक कोणते, ते परत यायला किती वेळ लागतो, असं सगळं त्यांनी विचारलं. बाहेर पेशंट ताटकळले होते आणि आत आम्ही दोघं कपाशीत शिरलो होतो.

मग त्या मूळ मुद्द्यावर आल्या.

"ट्यूब बंद करायची. पण बंद केली की आधी वाढेल. काही आठवडे, कुणाला दोन-तीन महिनेही. आग शांत व्हायला मी औषध देते. एकदा कातडी सावरली की मूळ पिंपलचं बघू. त्यासाठी गोळी आहे, रक्त तपासून द्यावी लागते."

"मॅडम, मे महिन्यात लग्न आहे."

"लग्न होईपर्यंत लावून मग सोडणारेही असतात. मी ते सुचवणार नाही. जितकी जास्त लावाल तितकं सोडणं अवघड. पण चेहरा तुमचा, लग्न तुमचं."

"तुम्ही असता तर काय केलं असतं?"

"मी असते तर आधी रेघ पाहिली असती."

दारापर्यंत गेलो आणि परत आलो. "मॅडम, समजा कोणाच्या तोंडावर दोनच पुटकुळ्या असतील आणि त्यांनी ही ट्यूब लावली, तर?"

"हेच होईल. का? कुणाला दिली का?"

"नाही, असंच. माहिती म्हणून."

परतीच्या गाडीत मला माझ्या गालाची आग जाणवली नाही. दुसऱ्याच एका गालाची जाणवत होती.

आईची बाजू

आईने सगळं ऐकून घेतलं आणि व्यवहाराचं बोलली.

"लग्न होईपर्यंत लाव ना बाप्पा. मंग सोड. कोण पाहाले बसलं हाय?"

"आणखी बिघडन आई."

"आणि पोरीवाल्यायनं असं तोंड पाह्यलं, तं बिघडणार नाई का? वाजतगाजत साखरपुडा झाला हाय, सुमेध. लोकं म्हणतीन पोराले काहीतरी रोग हाय."

तिचं चूक नव्हतं. मी त्या रात्रीसुद्धा ट्यूबचं झाकण उघडून बसलो होतो. पण एक गोष्ट मला टोचत होती आणि, खरं सांगतो, ती हिंमत नव्हती, कुतूहल होतं. दिवाळीपासून मी माझा खरा चेहरा पाहिलाच नव्हता. शीतलने तर कधीच पाहिला नव्हता. तिने होकार दिला तो ट्यूबला. मला बघायचं होतं की खाली कोण आहे.

ट्यूब शेणखताच्या खड्ड्यात फेकली.

पुढचे दिवस गमतीने सांगण्यासारखे नाहीत, तरी सांगतो. तोंड सुजलं, पिकलं, रसरसलं. उशीला गाल टेकवता येईना, म्हणून बसून झोपायचो. थंड पाण्याचा स्टीलचा पेला गालाला लावून धरायचा, तो गरम झाला की दुसरा. मालकांनी गोडीत सांगितलं, "काही दिवस तू गोडाऊनचं पाहा." अर्थ कळला. कीड लागलेला माल कोणी दुकानात पुढे मांडत नाही. गोडाऊनमध्ये खताच्या पोत्यांवर बसून मी एकदा चांगला रडलो. रडण्यातही शहाणपण नव्हतं, कारण खारं पाणी गालावरून उतरलं आणि मी नाचायला लागलो.

आई आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. पण एक दिवस पाहिलं तर तिने तिचं जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती लुगडं फाडून उशीच्या खोळी शिवल्या होत्या. रोज सकाळी डाग पडलेली खोळ ती न बोलता काढायची आणि धुतलेली घालायची. मॅडमच्या औषधाने आग कमी झाली असेलच. माझ्या हिशेबी निम्मं श्रेय त्या खोळींचं.

शीतलला सांगायचं राहिलं होतं. रोज फोन करायचो आणि रोज "जेवल्या का?" विचारून ठेवायचो. एकदा हिय्या केला.

"ती ट्यूब... लावून राह्यल्या का तुम्ही?"

"काहून?"

"असंच."

"तुम्ही लावता?"

"असंच," मी म्हणालो. हे प्रश्नाचं उत्तर नव्हतं, हे फोन ठेवल्यावर लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी एस.टी. धरली.

राळेगावचं स्टँड

एप्रिलच्या दुपारी आमच्याकडे कोणाचं तोंड दिसत नाही. बायांना स्कार्फ आणि गॉगल, माणसांना दुपट्टा, उघडे फक्त डोळे. माझी सोयच झाली होती. स्टँडवर भेटायचं ठरलं होतं, पण स्टँडभर गुंडाळलेली माणसं. शीतल कोणती, हे कळायला मार्ग नाही. दोन परक्या बायांकडे मी निरखून पाहिलं, त्यातल्या एकीने चप्पल सावरली. शेवटी फोन लावला. घंटी माझ्या शेजारीच वाजली. बराच वेळ माझ्या बाजूला उभी असलेली, निळ्या स्कार्फातली.

"तुम्ही?"

"तुम्ही?"

रसवंतीच्या मागे सावलीला गेलो.

"काढा ना दुपट्टा. घामाघूम झाले तुम्ही," ती म्हणाली.

"तुम्ही काढा आधी."

"काहून? मीच काहून आधी?"

मी काढला. मग हळूहळू तिने स्कार्फाची गाठ सोडली.

दोन पुटकुळ्या होत्या तिथे आता हनुवटीपासून कानापर्यंत सगळं लाल होतं. मी जसं जमेल तसं सांगितलं. स्टेरॉइड, मॅडम, लाल रेघ.

तिने पूर्ण ऐकून घेतलं. मग बोलली, आणि हळू आवाजात बोलली, ते जास्त लागलं.

"मले वाटे माझंच रक्त खराब. माय म्हणे, लग्नाची चिंता करून राह्यली म्हणून झालं. मी व्हिडिओ बंद केला, का तुम्ही पाहाल आन् लग्न मोडाल. रोज रडत होती मी. आन् इकडे तुम्ही! आधी म्हणे पाणी लावतो. मंग म्हणे पातळ थर लावा."

"चुकलं माझं. आता ती बंद करा, लगेच..."

"तुमचं ऐकून सुरू केली, आता तुमचंच ऐकून बंद करू?"



तिने स्कार्फ बांधायला घेतला. "सध्या फोन करू नका. लग्न बी त्या ट्यूबच्याच भरवशावर ठरलं होतं. ते कराव का नाई, हे मले एकटीले पाहू द्या."

रसवंतीवाल्याने दोन ग्लास आणून ठेवले होते. दोन्ही तसेच राहिले.

मेडिकलमधून

किती दिवस गेले ते मोजले नाहीत, मोजण्यासारखे नव्हते. एका सकाळी मेसेज आला. "त्या मॅडमचा पत्ता पाठवा." बाकी एक अक्षर नाही. मी पत्ता पाठवला, माझी पुढची तारीख कधीची आहे तेही लिहिलं, आणि ते खोडायचा विचार करेपर्यंत गेलंसुद्धा.

त्या दिवशी यवतमाळला शीतल होती, सोबत तिचे वडील. मी त्यांना मामा म्हणतो. मामांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मुलीच्या तोंडाकडे पाहिलं, आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

मॅडमनी आम्हा दोघांना एकदम आत घेतलं. शीतलचा गाल भिंगातून पाहत विचारलं, "ही ट्यूब तुम्हाला कोणी दिली?"

मी जमिनीकडे पाहिलं. दार थोडं उघडं होतं, आणि बाहेर मामा बसले होते.

"मेडिकलमधून घेतली," शीतल म्हणाली.

मॅडमनी भिंगावरून माझ्याकडे पाहिलं. त्यांना माझा तो "माहिती म्हणून" विचारलेला प्रश्न आठवला असणार. पण त्या लिहीत राहिल्या.

उपचार दोघांचे वेगळे निघाले, आणि हे मला वाचणाऱ्याला मुद्दाम सांगायचं आहे. मी मनात धरूनच बसलो होतो की मला जे देतील तेच तिला. मला रक्त तपासून गोळी. शीतलला ती गोळी अजिबात नाही, कारण लग्न जवळ आलं होतं आणि पोटात बाळ असताना ती घातक असते. तिला साधी औषधं, उन्हाचं मलम आणि धीर. तिची कातडी लवकर सावरेल असं मॅडम म्हणाल्या, कारण तिने माझ्यापेक्षा कमी दिवस लावली होती. दोन शेजारच्या शेतांना एक औषध चालत नाही, हे मला माहीत असायला हवं होतं.

बाहेर आल्यावर मामा म्हणाले, "दोघाईच्याही तोंडाले एकाच वख्ती काय झालं, मले तं समजत नाई. तारीख पुढं ढकलू. पावसाळ्यानंतर पाहू."

पुढे ढकललेली किती लग्नं होत नाहीत, ते मामांनाही माहीत होतं.

"बाबा, तारीख राहू द्या," शीतल म्हणाली. "ढकलून काय होते? आधी वाढन, मंग उतरन. एकटीनं आरशात पाहात बसण्यापक्षा दोघं असलेलं बरं."

मामा पाणी प्यायला गेले. तेवढ्यात ती माझ्याकडे वळली.

"मेडिकलवाल्यावर ढकललं, ते बाबाच्यासाठी. तुम्हाले माफ केलं असं समजू नका. आन् लग्नानंतर तुमच्या सल्ल्यानं मी पाणी बी पिणार नाई."

"बरं."

"बरं काय बरं? गोळी घेतली का?"

उतरणं

आता गोळी सुरू आहे. ओठ भेगाळतात, म्हणून खिशात तुपासारखं मलम असतं. महिन्याला रक्त. पिंपल कमी होतात ते इतक्या सावकाश की रोज बघणाऱ्याला दिसत नाहीत. मीही आरसा आठवड्यातून एकदाच बघतो, पेरलेलं उकरून पाहू नये तसं. गजूला मॅडमकडे नेऊन रेघ समजावली. तो म्हणाला, "मले माहीत होतं बे, पण तू म्हटलं ना, लवकर पाह्यजे." यावर भांडता आलं नाही.

तुम्हाला काय लावावं ते मी सांगणार नाही. माझ्या सल्ल्याची किंमत एव्हाना कळली असेल. फक्त खोकं हातात आलं की लाल रेघ बघा, आणि जे औषध दोन दिवसांत चमत्कार करतं त्याला विचारा की बाबा, तू खाली काय करून राह्यला?

उष्टी हळद

आमच्यात लग्न विहारात लागतं, वंदना होते, हार घातले की आटोपलं. पण हळद बायांनी काही सोडलेली नाही. लग्नाच्या आदल्या सकाळी आत्या पितळेची वाटी घेऊन आली आणि थेट माझ्या गालाकडे हात नेला. मी मागे सरकलो.

"आत्या, तोंडाले नाई. डॉक्टरनं मना केलं."

"डॉक्टरचं लग्न हाय का तुझं?"

"हळदीनंच तं पिंपल जातात बे!" मागून कोणीतरी म्हणालं. मग सगळ्याच म्हणाल्या. प्रत्येकीच्या बहिणीचे, भाच्याचे, कोणाच्या तरी जावयाचे गेले होते.

मला वाचवलं आईने. मधे येऊन तिने आत्याचा हात धरला. "पायाले लावा. तोंडाले हात लावाचा नाई. खोळी मी धुतल्या हायेत." खोळींचं कोणाला काही कळलं नाही, पण आवाज कळला. हळद पायांना लागली.

पुढचा घोळ त्याहून मोठा. नवरदेवाला लावून उरलेली उष्टी हळद नवरीकडे जाते, तीच तिला लागते. आत्या रुसून म्हणाली, "तोंडाले लागली नाई, तं उष्टी झाली कशी?" तरी वाटीला फडकं बांधून आमचे भाऊजी गाडीने राळेगावला गेले.

दुपारी फोन आला. मागे बायांचा गलका.

"हळद पोचली," शीतल म्हणाली. "खरं सांगा. तोंडाले लागली होती का?"

"नाही. पायालाच."

"पाणी म्हटलं होतं, तसं नाई ना?"

"आत्याला विचारा. ती अजून कोपऱ्यात बसली आहे."

मग तिने फोनवर हात ठेवून कोणाला तरी म्हटलेलं मला स्पष्ट ऐकू आलं. "लाव मावशी. पायालेच."

मी ऐकत राहिलो. तिकडे बांगड्या वाजल्या, कोणीतरी हसलं.

"लावली," ती म्हणाली. "आता पायाले काही झालं ना, मंग पाहा तुम्ही."